दाजी मिस्त्रींच्या पिळाच्या पट्ट्या

१९३१ सालची दिवाळी उरकल्यावर, कार्तिकातल्या एका सोमवारी सकाळी, चौलच्या खाडीकाठी असलेल्या आमच्या भातगिरणीत भागीदारांची बैठक झाली. हजर तिघे भागीदार : गिरणीचा कारभार पाहणारे भाऊसाहेब, रेवदंड्याचे किराणा व्यापारी शामजीशेठ आणि मी. चौथे दाजी मिस्त्री, आमचे बॉयलरवाले. ते भागीदार नव्हते, म्हणून दाराशी उभे होते. विषय एकच. बॉयलरच्या नळ्यांत पीळ दिलेल्या लोखंडी पट्ट्या घालायच्या, त्यासाठी सव्वीस रुपये मंजूर करावेत. भाऊसाहेब म्हणाले, "घाला. सव्वीस रुपयांनी गिरणी बुडत नाही." शामजीशेठ म्हणाले, "करो ने, शेठ." मीही होकार दिला. हे सगळे आधीच लिहून टाकतो, कारण वर्ष पुरे व्हायच्या आत या तीन भागीदारांपैकी दोघांना ही बैठक झाल्याचेच आठवेना, आणि त्या न आठवण्यापायी एका माणसाचे नाव गेले.

दाजी मिस्त्री काही साधा भोळा माणूस नव्हते. कोणी त्यांच्यावर लिहायला बसले तर गरीब बिचारा कारागीर असे चित्र काढील, म्हणून सांगतो. ते तोंडाळ होते, बढाईखोर होते, आणि आपली चूक वाऱ्यावर ढकलण्यात पटाईत होते. उंचीने बेताचे, डावी भुवई कधीतरी वाफेने भाजून गेलेली, ती परत उगवलीच नाही. त्यामुळे ते सदा अर्धवट आश्चर्यात असल्यासारखे दिसत. मूळचे रोह्याकडचे. वीसेक वर्षे मुंबईच्या गिरण्यांतून बॉयलर चालवलेला, आणि १९१४ च्या मोठ्या लढाईच्या वेळी बसऱ्याला नदीतल्या आगबोटीवर नोकरी केलेली. बसऱ्याच्या गोष्टींत आगबोट दर खेपेला लांब होत जाई. त्यातल्या किती खऱ्या हे मी कधी तपासले नाही. पण पट्ट्यांची गोष्ट खरी होती, कारण तीत त्यांनी स्वतःकडे फारसे श्रेय घेतले नाही.

"अक्कल माझी न्हाय, नाना," ते मला म्हणाले होते. "गोऱ्यांच्या बोटीत नळ्यांत घातलेल्या बघितल्या. नजर तेवढी माझी. बरोबरचे चाळीस जण बघून इसरले."

आमचा बॉयलर जुना, मुंबईच्या एका लाकूड कापायच्या कारखान्यातून मोडीच्या भावात आणलेला. आडवी टाकी, आणि तिच्या पोटातून आरपार गेलेल्या लोखंडी नळ्या. एका तोंडाला चूल. चुलीतला जाळ आणि धूर नळ्यांतून पलीकडे जाऊन धुराड्यात शिरे, आणि नळ्यांभोवती असलेले पाणी त्या उष्णतेने तापून वाफ होई. तूस जाळता येईल अशी चूल त्याला नव्हती, म्हणून आमचे तूस विटभट्टीवाले नेत आणि आम्ही लाकूड विकत घेऊन जाळत असू. ते लाकूड भाऊसाहेबांचे मेहुणे पुरवीत. जंगलाचा ठेका त्यांनी त्याच साली घेतला होता.

धुराड्यातून किती उष्णता फुकट जाते हे पाहण्याची दाजींची रीत मला कधी आवडली नाही. तोंडात पानाचा तोबरा असेच. ते धुराड्याच्या बुडाशी जात आणि त्यावर पिंक टाकत. पिंक चर्र करून उडाली की म्हणत, "ही बघा, ही तुमच्या बापजाद्याची ऊब चालली वर." धुराडे कमरेपर्यंत तांबडे झालेले होते. एकदा शामजीशेठ नाक धरून म्हणाले, "मिस्त्री, हे काय देवळाचा खांब हाय काय, गेरू लावते रोज?" दाजी म्हणाले, "शेठ, ज्या दिवशी पिंक खाली ओघळंल त्या दिवशी चुन्यानं धुऊन देतो."

आणि पट्टीचे त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण त्याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही. "धूर म्हंजे लग्नाला आलेला श्रीमंत पाव्हणा. मांडवात मधनं सरळ वाट दिसली की चालत सुटतो, कडंला बसलेल्या कुणाशी बोलत न्हाय. जो धूर नळीच्या अंगाला लागून हाय तो थंड पडून तिथंच रेंगाळतो. मधला, ज्याच्या खिशात ऊब हाय, तो तसाच पल्याड. त्याला वाटंत पीळ घाला. गरागरा फिरू दे, भिंतीवर आपटू दे. मग खिसा रिकामा करतो का न्हाय बघा."

पहिला प्रयोग त्यांनी स्वतःच्या घरी केला, न्हाणीतल्या तांब्याच्या बंबावर. बंबाच्या मधल्या नळीत, विस्तवाच्या वर, त्यांनी पिळाची एक पट्टी टांगली. पाणी लवकर तापू लागले यात शंका नव्हती. मी स्वतः जाऊन पाहिले. पण सरपण वरूनच टाकावे लागे, आणि दर खेपेला तापलेली पट्टी आकड्याने उचलून बाहेर काढावी लागे. त्यांच्या बायकोला, आवडीकाकींना, तो आकडा कधी जाग्यावर सापडत नसे.

"नाना, तुम्ही शिकलेलं, तुम्हीच सांगा ह्यांना," काकी मला म्हणाल्या. "पाणी तापंतोवर लागायचा तो येळ वाचला, आनि तो समदा आकडा हुडकण्यात गेला."

"आकडा खुंटीला लाव म्हनलो तर ऐकायचं न्हाय," दाजी आतून म्हणाले.

"खुंटीला तुमचा कोट हाय. बसऱ्याचा. तो काढला तर बसरा पडंल."

गिरणीतला पहिला प्रयत्न साफ फसला, हेही लिहितो. पट्ट्या कुठून आणायच्या हा प्रश्न दाजींनी चांगला सोडवला. मुंबईत कापसाच्या गाठींना आवळायच्या ज्या लोखंडी पट्ट्या असतात, त्या मोडीत स्वस्त मिळतात. त्या पडावातून, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीतून, रेवदंड्याला आणल्या आणि लोहाराकडून एकेकीला पीळ दिला. पण उत्साहाच्या भरात पीळ फार जवळजवळ घातला, अगदी दोरखंडासारखा. चूल पेटवली तर धुराला पुढे जायला वावच राहिला नाही. तो उलटा चुलीच्या दारातून बाहेर आला आणि गिरणीत कोणाला कोणी दिसेना. भाताच्या गाड्या घेऊन आलेली माणसे डोळे पुसत खाडीवर जाऊन बसली. दाजींनी जाहीर केले की वारा उलटा आहे. त्या दिवशी झाडाचे पान हलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि लोहाराच्या बरोबरीने बसून पीळ सैल केला, हातभर लांबीत एकच वळसा राहील इतका. तो बरोबर लागला. धूर जाई, पण फिरत जाई. चुलीत डोकावून पाहिले तर नळीच्या तोंडाशी जाळ गिरक्या घेताना दिसे. धुराड्यावरची पिंक चर्र करायची थांबली. खाली ओघळू लागली. दाजींनी चुन्याचा डबा आणून धुराडे धुतले आणि दिवसभर शामजीशेठची वाट पाहिली.

मी पिंकेवर हिशेब करणारा माणूस नाही. मी आठवडाभर लाकडाची प्रत्येक गाडी भाताच्या काट्यावर तोलायला लावली, आणि मागच्या मोसमात तेवढ्याच भाताला किती लाकूड लागले होते त्याच्याशी ताडून पाहिले. आठ गाड्यांचे काम सात गाड्यांत होत होते. हे मी भाऊसाहेबांना सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लाकूड यंदा वाळलेलं आहे." मेहुण्यांचे लाकूड वाळलेले असल्याची तक्रार मी आयुष्यात तेवढी एकदाच ऐकली.

मोसम संपला, पावसाळ्यात गिरणी बंद झाली. दाजींनी पट्ट्या बाहेर काढून झाडल्या आणि घडवंचीवर मांडून ठेवल्या. नळ्यांतून आणि पट्ट्यांवरून काजळी काढणे हे तिथले मोसमातले दर शुक्रवारचे मोठे काम. ते पोशा करी. पोशा कोळीवाड्यातला, चाळिशीचा माणूस. दोन वर्षांपूर्वी होडी फुटल्यापासून चुलीवर कामाला होता. दाजी त्याला दिवसातून दहा वेळा शिव्या देत आणि दुपारची भाकरी त्याच्याबरोबर बसून खात.

आता जे घडले ते आमच्या किनाऱ्यावरच घडू शकते. कोळीवाड्यात खारा वारा सगळ्याला खातो. पावसाळ्यात होडी वर ओढली की तिला आणि तिच्या लोखंडाला मुशी माशाच्या तेलाचा हात देतात. ज्या वस्तूची काळजी आहे तिला तेल, ही तिथली रीत. श्रावणात पट्ट्यांना तांबेरा चढू लागलेला पोशाने पाहिला. त्याने घरून तेल आणले आणि एकूणएक पट्टी होडीसारखी माखली. वर दुसरा हातही दिला. कोणाला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्याला वाटले नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पट्ट्या नळ्यांत परत गेल्या. दाजींनी त्या पाहिल्या, काळ्याभोर चकाकत होत्या. पूजेसाठी घासल्यात असे त्यांना वाटले. इतक्या वर्षांच्या मिस्त्रीने नुसते बोट फिरवून वास घेतला असता तरी कळले असते. ती त्यांची चूक, आणि ती त्यांनी पुढे एकदाही नाकारली नाही.

दसऱ्याला बॉयलरला झेंडूच्या माळा, भाऊसाहेब रेशमी उपरणे घालून, घरच्या बायका पूजेचे तबक घेऊन पुढे. चूल पेटवली. थोड्या वेळाने नळ्यांतून हूं हूं असा आवाज येऊ लागला, आणि मग धुराड्याच्या तोंडातून हातभर ज्वाळा बाहेर आली. तिच्यामागून जो काळा चिकट धूर निघाला त्याला सबंध सुकट बाजार जळाल्याचा वास होता. तो खाली बसला तो नेमका मंडळींवर. तबकातले पेढे काळे झाले. भाऊसाहेबांचे उपरणे काळे झाले. बाहेर गाडीवानांत कोणी तरी म्हणाले, "बॉयलरनं मावरं खाल्लं वाटतं," आणि सगळे हसले. भाऊसाहेबांनी ते हसणे ऐकले. माझ्या मते पुढचे सगळे त्या हसण्यातून आणि मेहुण्यांच्या बुडालेल्या आठव्या गाडीतून झाले. त्यात बॉयलरचा काही संबंध नव्हता.

तेल जळून गेल्यावर तासाभरात धूर स्वच्छ झाला. कोणाला इजा नाही, नळीला तडा नाही. तरी भाऊसाहेबांनी गिरणी बंद ठेवून मुंबईहून बॉयलर तपासणारे साहेब बोलावले. ते आले, टाकीत उतरले, हातोडीने ठोकून पाहिले, एक पट्टी ओढून उजेडात धरली. "अशा पट्ट्या जहाजांवर असतात," ते म्हणाले. "वेळच्या वेळी झाडत जा. तेल लावू नका म्हणजे झालं." जेवून ते परत गेले.

मला वाटले, प्रकरण मिटले. मी इतका भाबडा होतो.

दोन दिवसांनी बैठक. पुन्हा तेच तिघे, पुन्हा दाजी दाराशी. भाऊसाहेब म्हणाले, "प्रश्न बॉयलरचा नाही, शिस्तीचा आहे. दाजी, या पट्ट्या घालायची परवानगी तुला कोणी दिली?"

दाजींना प्रश्नच कळला नाही. "म्हंजे? तुम्हीच की."

"मला आठवत नाही."

"हितंच बसला होतात. सव्वीस रुपये दिलंत."

"सव्वीस रुपये किरकोळ दुरुस्तीला दिले. बॉयलरच्या पोटात फेरफार करायला नाही. शामजीशेठ, तुम्हाला आठवतं?"

शामजीशेठचे गोदाम भाऊसाहेबांच्या जागेत होते. त्यांनी छताकडे पाहिले. "एटली जुनी गोष्ट, शेठ. मला तर काय बराबर याद नाय."

मी म्हणालो, "मला आठवतं. कार्तिकातला सोमवार होता. तुम्ही म्हणालात, सव्वीस रुपयांनी गिरणी बुडत नाही."

भाऊसाहेब माझ्याकडे वळून अगदी गोड हसले. "नाना, गिरणीत तुमचा हिस्सा रुपयात दोन आणे. आठवणही तेवढीच धरू."

या वाक्याचा मला अजून संताप येतो. माझा अपमान झाला म्हणून नाही. त्या खोलीत खरे काय झाले हे हिश्श्याने ठरते, असे एक माणूस दिवसाढवळ्या बोलला, आणि दुसरा छत पाहत राहिला.

तेवढ्यात दाजींच्या मागून पोशा आत आला. बोलावले नसताना आला. "साहेब, त्याल मीच लावलाय. मिस्त्रीला ठावं न्हवता. लोखंडाला लावतात तसा लावला. काय दंड असंल तो माझा."

"तुला कोणी विचारलं?" भाऊसाहेब म्हणाले. "बाहेर जा. चुलीवर बस."

पोशाला काही कळेना. तो कबुली द्यायला आला होता आणि ती कोणी घेईना. मला मात्र तेव्हा सगळे लख्ख कळले. त्यांना तेल लावणारा नकोच होता. पट्ट्या लावणारा हवा होता.

भाऊसाहेबांनी एक कागद पुढे केला. परवानगीवाचून फेरफार केला, त्याची जबाबदारी माझी, असे त्यावर लिहिले होते. खाली दाजींनी सही करायची. केली तर चालू महिन्याचा पगार आणि चांगल्या वागणुकीचे पत्र. नाही केली तर दोन्ही नाही. बॉयलरवाल्याला पत्राची किंमत काय असते हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. वाफेच्या टाकीपाशी कोणी अनोळखी माणूस उभा करत नाही. आधीच्या मालकाचे पत्र नसेल तर मुंबईच्या एकाही गिरणीचे फाटक उघडत नाही, आणि पन्नाशी उलटलेल्याला तर नाहीच.

दाजींनी कागद मला वाचायला लावला. मग पुन्हा वाचायला लावला. मग भाऊसाहेबांना विचारले, "ह्यात लाकूड वाचलं ते कुठं हाय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मग कशाचा हाय? पट्टी घातली ती लाकडापायी. चोरी म्हना, पन काय चोरलं ते तरी लिवा."

"सही करतोस की नाही?"

"तेलाचं लिवा, करतो. बघितलं न्हाय, माझी चूक. वास न्हाय घेतला, माझी चूक. दहा सह्या करतो. परवानगी न्हवती ह्याच्यावर करत न्हाय. मी बसऱ्याच्या लई थापा मारल्यात, नानांना ठावं हाय. पन त्या माझ्या थापा. ही तुमची हाय. ती माझ्या नावावर कशाला?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. एरवी पोशाने झाडू चुकीच्या जागी ठेवला तरी खाडीपलीकडे ऐकू जाईल असे ओरडणारा हा माणूस. भाऊसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला.

संध्याकाळच्या आत पट्ट्या ओढून बाहेर काढल्या आणि गिरणीमागे चिखलात टाकल्या. बाहेर काढायचे काम पोशालाच दिले. मी दाजींच्या घरी गेलो, म्हणालो की पगाराची रक्कम मी देतो, आणि पत्रही माझ्या नावाने लिहितो. आवडीकाकी दाजींकडे पाहत राहिल्या. घरात उद्या काय शिजवायचे हा प्रश्न त्यांचा होता.

दाजी म्हणाले, "पैसे नकोत. तुमच्याकडं माझं काय निघत न्हाय. पत्र द्या. पन दोन आण्याचं हाय म्हनून फाटकावरनं परत आलं तर राग धरू नका."

पत्र मी दिले. ते फाटकावरून परत आले की नाही हे त्यांनी मला कधी कळवले नाही.

आठवड्याने रेवदंड्याच्या बंदरावर त्यांना शेवटचे पाहिले. भरतीची वेळ होती. पडावात गोणपाटात बांधलेला बंब, एक पत्र्याची पेटी, आणि पेटीवर आवडीकाकी. पोशा पोचवायला आला होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो पडावाची कड धरून होता, जणू सोडली नाही तर पडाव जाणार नाही. त्याने तोंड उघडले. दाजींनी त्याला बोलूच दिले नाही. "उद्या शुक्रवार," ते म्हणाले. "नळ्या झाडायच्या. ब्रशानं झाड, काठीनं न्हवं. काठी घातलीस असं मला कळलं तर मुंबैवरनं येईन." पोशाने मान हलवली. पडाव चालवणाऱ्या तांडेलाने वल्हे टेकवून तो लोटला. दाजी पाठ फिरवून तांडेलाशी शीड कसे धरावे यावर वाद घालू लागले. वाऱ्याने शब्द पोचत नव्हते, हातवारे तेवढे दिसत होते.

त्या मोसमात लाकूड पुन्हा पहिल्यासारखे लागू लागले. फाल्गुनातल्या बैठकीत मेहुण्यांचे जास्तीच्या लाकडाचे बिल आले, ते पस्तीस रुपयांचे होते. दाजी मिस्त्रींचा न दिलेला महिन्याचा पगारही पस्तीसच होता, तो शिलकीत पडून होता. भाऊसाहेबांनी त्यातून बिल भागवायचे सुचवले, शामजीशेठ हो म्हणाले, मी नाही म्हणालो. पस्तीस रुपये, रोख, भाऊसाहेबांच्या मेहुण्यांना, त्याच दिवशी देण्यात आले.